आकडा साठ, तरी गेम अडकतो : एका सेकंदाच्या आतला इतिहास

१/
मागच्या धाग्यात आपण मोडी कागदांतील तारखा कशा वाचाव्यात हे पाहिले. आजचा विषय वाचून काही जण चक्रावतील. संगणकावरचा गेम चालता चालता मधेच का अडकतो, आणि ते अडकणे कमी करण्यासाठी गेल्या चार-साडेचार दशकांत माणसांनी काय काय केले, याचा हा इतिहास आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीने यात का पडावे, याचे उत्तर शेवटाकडे येईल. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
सुरुवात घरापासून करते. माझा धाकटा भाऊ सांगलीला डिप्लोमा करतो. गेल्या उन्हाळ्यात एका दुकानात दोन महिने काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने नवे ग्राफिक्स कार्ड घेतले. त्याआधी महिनाभर तो मला फोनवर एकच गोष्ट सांगत होता : "ताई, कोपऱ्यातला आकडा साठच दाखवतोय, पण गेम अडकतो." मी त्याला म्हणाले होते, "आकडा साठ आहे ना? मग तुला भास होतोय."

नवे कार्ड बसले. आकडा नव्वदवर गेला. गेम अडकायचा तो अडकतच राहिला.

३/
आधी थोडी परिभाषा. पडद्यावरचे हलते चित्र म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रे. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एक फ्रेम तयार करायला संगणकाच्या हाती सुमारे १६.७ मिलिसेकंद उरतात. तेवढ्यात खेळाडूने दाबलेली कळ वाचायची, शत्रूंच्या हालचाली ठरवायच्या, सावल्यांचे गणित करायचे आणि चित्र रंगवायचे. यातले एखादे काम ७०-८० मिलिसेकंद लांबले, की जुने चित्र तेवढा वेळ थिजून राहते आणि नवे एकदम उडी मारून येते. यालाच 'स्टटर' म्हणतात, म्हणजे अडखळणे. इंटरनेटच्या संथपणामुळे येणारा लॅग हा निराळा आजार आहे, त्याची या धाग्यात गल्लत नको.

४/
आता एक छोटे गणित. एका सेकंदात ६० फ्रेम निघाल्या. त्यांपैकी ५५ फ्रेम प्रत्येकी १२ मिलिसेकंदांत तयार झाल्या, त्यांचे ६६० मिलिसेकंद झाले. उरलेल्या ५ फ्रेमना प्रत्येकी ६८ मिलिसेकंद लागले, त्यांचे ३४०. बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद. कोपऱ्यातला आकडा प्रामाणिकपणे ६० दाखवील. पण त्या एका सेकंदात खेळाडूला पाच झटके बसलेले असतील.

'यंदा सरासरीइतका पाऊस झाला' हे वाक्य ज्याने पेरणीनंतर तीन आठवडे कोरडे आभाळ पाहिले आहे, त्याला कसे ऐकू येते? तसेच हे आहे.

५/
म्हणून या इतिहासात दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत : गती आणि लय. विलंबित तालही मात्रा समान अंतराने पडल्या तर कानाला गोड लागतो. द्रुत लयीत एखादी मात्रा मागेपुढे झाली, तर ती नवख्यालाही खटकते. डोळ्यांचेही तसेच आहे. सेकंदाला ३० फ्रेम समान अंतराने आल्या तर मन त्यांना सरावते, आणि ६० फ्रेम वेड्यावाकड्या आल्या तर सरावत नाही. गेमचा उद्योग मात्र दीर्घकाळ गतीच मोजत राहिला. लय मोजायला त्याने २०११ साल उजाडू दिले. तिथवर कसे पोहोचलो, ते पाहू.

६/
१९७८, जपान. ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम तयार केला. त्यातला इंटेल ८०८० हा प्रोसेसर आजच्या मानाने अगदीच दुबळा. पडद्यावर ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी असत. सगळ्यांना एकदम हलवणे यंत्राला झेपत नसे, म्हणून ते एका फ्रेममध्ये एकालाच पुढे सरकवी. साहजिकच ५५ जण असताना फौज रेंगाळत चाले आणि खेळाडू त्यांना टिपत गेला की उरलेले अधिकाधिक वेगाने धावू लागत. निशिकादोंच्या हे लक्षात आले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. शेवटच्या शत्रूची ती थरारक धाव ही यंत्राच्या मर्यादेतून जन्मली आहे.

७/
त्या काळातील आर्केड यंत्रे आणि घरगुती कन्सोल दूरचित्रवाणीच्या ठेक्याशी बांधलेले असत. अमेरिका-जपानमधील संच सेकंदाला सुमारे ६० वेळा पडदा नव्याने रंगवत, तर युरोपातील बहुतेक संच ५० वेळा. भारतात १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली, तीही ५० च्या पाल पद्धतीची. ६० च्या ठेक्यासाठी लिहिलेला गेम फेरफार न करता ५० वर चालवला, तर तो सुमारे १७ टक्के संथ होई, संगीतासकट. पण तो संथ असला तरी अडखळत नसे. यंत्र एकच, पडदा एकाच ठेक्याचा, आणि गेम त्या जोडीसाठीच घडवलेला. गती कमी झाली, तरी लय शाबूत राहिली.

८/
पीसीने हे सारे मोडले. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. अनेक गेमकर्त्यांनी काळ मोजण्यासाठी घड्याळ न वापरता प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ मानले : 'इतक्या वेळा रिकामे फिर, मग पुढचे पाऊल टाक.' पुढे वेगवान प्रोसेसर आले तेव्हा तेच गेम भरधाव सुटले आणि खेळता येईनासे झाले. त्यावर तोड म्हणून संगणकाच्या पुढच्या बाजूस 'टर्बो' नावाचे बटण आले. नावावरून ते वेग वाढवणारे वाटते, पण त्याचा खरा उपयोग ते बंद करून संगणक हळू करण्यासाठी होता. गेम सुरळीत चालावा म्हणून लोकांनी हार्डवेअरशी केलेल्या पहिल्या खटपटींत या बटणाची गणना करावी लागेल.

९/
दुसरी अडचण अधिक खोल होती. निन्टेन्डोच्या कन्सोलमध्ये पार्श्वभूमी अलगद सरकवण्याची सोय चित्र काढणाऱ्या चिपमध्येच होती. म्हणून मारिओ धावू लागला की आकाश-ढग लोण्यासारखे मागे सरकत. पीसी कार्यालयीन कामासाठी घडवलेला. हिशेबाचा तक्ता दाखवताना त्याला कुठे पळायचे होते? सरकणारे दृश्य दाखवायचे तर दर वेळी जवळजवळ सगळा पडदा नव्याने रंगवावा लागे, आणि तेवढा दम त्याच्यात नव्हता. परिणामी पीसीवरील धावपळीचे गेम धक्के खात चालत. 'पीसी हे गेमचे यंत्र नव्हेच' असे मत त्यातूनच रूढ झाले होते.

१०/
१९९० मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, श्रीव्हपोर्ट येथील सॉफ्टडिस्क कंपनीत काम करणाऱ्या जॉन कारमॅक या विशीतील तरुणाने यावर उपाय काढला. दृश्य छोट्या चौकोनी फरशांचे बनलेले असते. निळ्या आकाशाच्या फरशीजागी पुन्हा निळ्या आकाशाचीच फरशी येणार असेल, तर ती पुन्हा रंगवायची कशाला? कारमॅकच्या पद्धतीत चित्रस्मृतीमध्ये पडद्याहून थोडे मोठे दृश्य तयार ठेवले जाई, त्यावरून पडद्याची खिडकी अलगद सरकवली जाई, आणि ज्या फरशा खरोखर बदलल्या तेवढ्याच रंगवल्या जात. त्याच वर्षी १४ डिसेंबरला 'कमांडर कीन' प्रसिद्ध झाला. साध्या पीसीवर दृश्य अलगद सरकताना लोकांनी पाहिले. काही आठवड्यांत त्या मंडळींनी 'इड सॉफ्टवेअर' ही स्वतःची कंपनी स्थापन केली.

११/
ध्यानात घ्यावे की इथे कोणी नवे यंत्र विकत घेतले नव्हते. यंत्राला अनावश्यक काम करायला लावणे थांबवले, एवढेच. हा धडा पुढे वारंवार कामी येतो.

त्याच कंपनीच्या 'डूम'ने (१० डिसेंबर १९९३) दुसरा धडा दिला. त्या वेळी पीसीचा पडदा गेमच्या अवस्थेत सेकंदाला ७० वेळा रंगवला जाई. डूमचे जग सेकंदाला बरोबर ३५ पावले टाके, म्हणजे पडद्याच्या दर दोन फेऱ्यांना एक पाऊल. ३५ हा आकडा ७० ला भागतो. ४० किंवा ५० भागत नाही. पडद्याच्या ठेक्याशी गेमचा ठेका जुळला पाहिजे, हे त्यात गृहीत होते.

१२/
तो जुळला नाही तर काय होते? चित्र बदलत असतानाच पडदा ते वाचून घेतो. मग वरचा अर्धा भाग नव्या फ्रेमचा आणि खालचा जुन्या फ्रेमचा दिसतो, पडदा आडवा फाटल्यासारखा. यावर उपाय म्हणजे व्ही-सिंक : पडद्याची फेरी संपेपर्यंत नवे चित्र थोपवून धरायचे. फाटणे थांबले, पण शिक्षा कडक होती. ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेमला १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर ती थेट पुढच्या फेरीला, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांनी दिसणार. एस.टी. एका मिनिटाने चुकली म्हणून पुढच्या गाडीपर्यंत थांबावे, तसे. अशा चुकामुकी अधूनमधून झाल्या की गेम अडखळतो.

१३/
आता या कथेतील खलनायक येतो, आणि तो एक आकडा आहे. १९९६ मध्ये इड सॉफ्टवेअरचा 'क्वेक' आला. त्यात 'टाइमडेमो' नावाची आज्ञा होती. आधी मुद्रित केलेला खेळ ती शक्य तितक्या वेगाने चालवी आणि शेवटी एकूण फ्रेम, लागलेले सेकंद व सेकंदाला सरासरी फ्रेम सांगे. त्याच सुमारास त्रिमित चित्रे रंगवणारी ग्राफिक्स कार्डे बाजारात येऊ लागली. कोणते कार्ड चांगले, हे ठरवायला सोपा मापदंड मिळाला. नियतकालिकांतील तक्ते, जाहिराती, मित्रांमधील पैजा, सगळे सरासरी एफपीएसवर चालू लागले. माप सोपे होते, पुनःपुन्हा घेता येई आणि चुकीचेही नव्हते. ते फक्त अपुरे होते.

१४/
अपुरेपणाचा स्फोट २००४ नंतर झाला. त्या वर्षी एनव्हिडियाने एसएलआय, आणि २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर या नावाने दोन ग्राफिक्स कार्डे एकत्र जुंपण्याची सोय दिली. बहुतेक वेळा पहिली फ्रेम एका कार्डाने, दुसरी दुसऱ्याने, अशी पाळी लावली जाई. सरासरी आकडा झपाट्याने वाढला. पण दोन्ही कार्डांच्या फ्रेम समान अंतराने येतीलच असे नव्हते. दोन फ्रेम जवळजवळ एकदम, मग मोठी पोकळी, पुन्हा दोन एकदम. नांगराला दोन बैल जुंपले आणि त्यांची पावले जुळली नाहीत, तर नांगर हिसके खातो. खेळाडू याला 'मायक्रोस्टटर' म्हणू लागले.

दुप्पट पैसे मोजलेली माणसे म्हणत होती, 'काहीतरी चुकते आहे.' तक्ते म्हणत होते, 'काहीही चुकलेले नाही.'

१५/
सप्टेंबर २०११. 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकी संकेतस्थळाचे संपादक स्कॉट वॉसन यांनी एक लेख प्रसिद्ध केला. शीर्षकाचा आशय : सेकंदाच्या आत डोकावून पाहू. सेकंदाला किती फ्रेम, हा प्रश्नच त्यांनी बदलला आणि विचारले : प्रत्येक फ्रेमला किती वेळ? फ्रॅप्स हा छोटा प्रोग्राम प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदवू शकत होता. ती हजारो वेळांची यादी घेऊन त्यांनी आलेख काढले. सपाट रेषेतून मधेच उंच सुळके वर आलेले दिसले. तेच ते झटके. सोबत त्यांनी नवे माप वापरले : ९९ टक्के फ्रेम किती मिलिसेकंदांच्या आत आल्या? आज परीक्षणांत दिसणारा 'एक टक्का लो' हा आकडा याच विचाराच्या कुळातला.

१६/
या मापाची ताकद सव्वा वर्षात दिसली. २०१२ च्या डिसेंबरात वॉसन यांनी एएमडी आणि एनव्हिडिया यांच्या तुल्यबळ कार्डांची तुलना केली. सरासरीत दोन्ही जवळपास, पण फ्रेमच्या वेळांत एएमडीचे कार्ड डळमळत होते. शंका घेणाऱ्यांसाठी त्यांनी 'स्कायरिम' गेमचा पडदा वेगवान कॅमेऱ्याने चित्रित करून दाखवला. डोळ्यांना जे जाणवत होते, ते आता संथ गतीत सर्वांसमोर होते. एएमडीने ड्रायव्हरमधील उणीव मान्य करून सुधारणा हाती घेतल्या. २०१३ च्या मार्चमध्ये एनव्हिडियाने प्रत्येक फ्रेमच्या कडेला रंगीत पट्टी छापून पडद्यावर नेमके काय पोहोचले हे मोजणारी एफकॅट ही साधने परीक्षकांना दिली, आणि ऑगस्टमध्ये एएमडीने दोन कार्डांच्या फ्रेमची लय सांभाळणारा ड्रायव्हर आणला.

तीच कार्डे, तेच सिलिकॉन. लय मोजली गेली, म्हणून ती दुरुस्त झाली.

१७/
पडद्याची बाजूही मग सैल झाली. आजवर गेमने पडद्याची वाट पाहायची असा दंडक होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर करून तो उलटवला : फ्रेम तयार होईल तेव्हा पडद्याने ती दाखवावी. जानेवारी २०१४ मध्ये एएमडीने फ्रीसिंकचे प्रात्यक्षिक केले आणि त्याच वर्षी हे तत्त्व डिस्प्लेपोर्टच्या खुल्या मानकात आले. जी-सिंकच्या मॉनिटरमध्ये वेगळा महाग भाग लागे. २०१९ च्या जानेवारीत एनव्हिडियानेही खुल्या मानकाचे मॉनिटर स्वीकारले आणि ही सोय मध्यम किमतीत मिळू लागली. मघाची एस.टी. आता प्रवासी आला की सुटू लागली. पण प्रवासीच पाऊण तास उशिरा आला, तर गाडी काय करणार? मोठे झटके या तंत्राने जात नाहीत.

१८/
मोठ्या झटक्यांचे एक जुने उगमस्थान म्हणजे साठवण. २००१ च्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' सारख्या गेमनी अख्खे शहर खुले केले. सगळे शहर मेमरीत मावत नाही, म्हणून खेळाडू पुढे जाईल तसा पुढचा भाग डिस्कवरून आणावा लागतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो तुकडा खाली येण्याची सरासरी वाट ४ मिलिसेकंदांहून थोडी जास्त. त्यात वाचणारा दांडा योग्य जागी नेण्याचे सुमारे ८-१० मिलिसेकंद मिळवा. एका तुकड्यासाठी १२-१४ मिलिसेकंद, आणि आपल्या हाती एकूण १६.७. असे शेकडो तुकडे हवे असतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ही प्रतीक्षा मिलिसेकंदाच्या छोट्या अंशावर येते.

१९/
दुसरे उगमस्थान अलीकडचे आहे. प्रकाश, पाणी, धातूची चकाकी रंगवण्यासाठी गेममध्ये 'शेडर' नावाचे हजारो छोटे प्रोग्राम असतात. प्रत्येक ग्राफिक्स कार्डाची भाषा वेगळी, म्हणून ते तुमच्या संगणकावरच तुमच्या कार्डाच्या भाषेत उतरवावे लागतात. कन्सोलचे हार्डवेअर ठरलेले, तिथे हे भाषांतर आधीच करून देता येते. २०१५ मधील डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मधील व्हल्कन यांनी ड्रायव्हर पडद्याआड सांभाळत असलेली बरीच जबाबदारी गेमकर्त्यांच्या हाती दिली. ज्यांनी नियोजन केले त्यांना फायदा झाला. ज्यांनी केले नाही, त्यांच्या गेममध्ये पहिला स्फोट झाला की भाषांतराला सुरुवात होई, आणि ते होईपर्यंत चित्र थिजे. महागडे कार्ड असले तरी सुटका नसे.

२०/
फेब्रुवारी २०२२ मधील 'एल्डन रिंग' हे बोधक उदाहरण आहे. पीसीवर तो अडखळतो अशी तक्रार सर्वत्र होती आणि सर्वांचे बोट शेडरकडे होते. त्याच सुमारास आलेल्या स्टीम डेक या हातातील यंत्रावर व्हॉल्व्ह कंपनीने तो बराच सुरळीत करून दाखवला. तेव्हा तिच्या अभियंत्यांनी सांगितले की मोठ्या झटक्यांपैकी बहुतेकांमागे शेडर नव्हते. ठरावीक ठिकाणी गेम एकदम हजारो वस्तूंसाठी मेमरी मागत होता, तिची व्यवस्था आधीच राखून ठेवल्यावर झटके ओसरले. लक्षण एक, कारणे अनेक. शेडरचा प्रश्न मात्र खराच आहे. नोव्हेंबर २०२२ मधील अनरिअल इंजिन ५.१ पासून ते आधीच तयार करून ठेवण्याची सोय इंजिनमध्येच येऊ लागली.

२१/
आता या इतिहासावरून घरच्या संगणकासाठी काय निघते? पहिली पायरी खरेदीची नाही, मोजणीची आहे. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन ही साधने विनामूल्य आहेत. एफपीएसऐवजी फ्रेम टाइमचा आलेख लावा आणि सुळके कधी येतात ते पाहा.

• नव्या भागात शिरताना : डिस्क किंवा मेमरी.
• नवा स्फोट, नवे अस्त्र पहिल्यांदा दिसताना आणि दुसऱ्यांदा नाही : शेडर.
• अर्धा तास खेळल्यानंतर : उष्णता.
• ठरावीक अंतराने, कुठेही : मागे चालणारा एखादा प्रोग्राम.

२२/
हार्डवेअरचे उपाय, कमी खर्चापासून वर :

• गेम एसएसडीवर ठेवा.
• पंख्यांतील धूळ काढा. प्रोसेसर अतितापला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि विदर्भाच्या मे महिन्यात हे वेगळे सांगायला नको. लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खेळताना चार्जर लावलेला असू द्या, बॅटरीवर वेग मर्यादित असतो.
• आपल्याकडे कित्येक लॅपटॉप रॅमच्या एकाच पट्टीसह विकले जातात. दोन जुळ्या पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर मेमरीचा मार्ग दुपदरी होतो. याचा लाभ सरासरीपेक्षा झटक्यांच्या बाबतीत अधिक जाणवतो.
• डेस्कटॉप असेल तर रॅम छापील वेगाने चालते का, हे बायोसमध्ये पाहा. अनेकदा ती सोय बंदच असते.

२३/
सेटिंगचे उपाय :

• टेक्श्चरचा दर्जा ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावेल एवढाच ठेवा. ती भरून वाहिली की सामान मुख्य रॅममधून ये-जा करते आणि सुळके उठतात.
• फ्रेमवर मर्यादा घाला. पडदा फ्रीसिंक वा जी-सिंकचा असेल तर त्याच्या कमाल ठेक्याहून दोन-चार कमी. साधा ६० हर्ट्झचा असेल आणि गेम ४५ ते ५५ मध्ये हेलकावत असेल, तर थेट ३० ची मर्यादा लावून पाहा. डूमचा ३५ चा हिशेब आठवा : ३० हा ६० ला भागतो.
• 'शेडर तयार होत आहेत' अशी सूचना आली तर ती पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर बदलला की हे काम पुन्हा होते, म्हणून त्यानंतरच्या पहिल्या तासावरून मत बनवू नका.

२४/
एक सावधानता. 'अमुक रजिस्ट्री बदला, तमुक सेवा बंद करा' असे तोडगे व्हिडिओंतून भरपूर फिरतात. काही उपयोगी असतात, काही निव्वळ गंडेदोरे. परीक्षा सोपी आहे : एका वेळी एकच गोष्ट बदला, गेममधील एकाच रस्त्यावरून आधी व नंतर तीन-तीन वेळा चाला, दोन्ही आलेख शेजारी ठेवा. ऐकीव बखरीवर विश्वास ठेवण्याआधी आपण जे करतो, तेच इथेही करायचे.

२५/
भावाकडे परत येते. दिवाळीत घरी गेले तेव्हा आम्ही दोघांनी बसून आलेख लावला. गेममधील शहरात गाडी वेगाने पळवली की दर दोन-तीन चौकांनी सुळका. संगणकात एसएसडी होती, पण तिच्यावर केवळ विंडोज होते. गेम जुन्या हार्ड डिस्कवर टाकलेला होता. आम्ही तो एसएसडीवर हलवला. रात्री जेवणानंतर त्याने पुन्हा गाडी पळवली. रेषा बहुतेक सपाट राहिली. खर्च शून्य रुपये.

तो काही बोलला नाही. दोन महिन्यांची त्याची मजुरी ज्या कार्डात गेली, ते पेटीत मंद दिव्याने चमकत होते. मीच म्हणाले, "तुला भास होत नव्हता." तो म्हणाला, "मी सांगत होतो ना."

२६/
आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. पेशवे दफ्तरात जमाखर्चाचे कागद आहेत, तसे तक्रारींचे अर्जही आहेत. नवशिक्या अभ्यासकाला जमाखर्च विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात आकडे असतात. तक्रार ही एका माणसाची कुरकुर वाटते. पण आकडा कोणीतरी, काही हेतूने, काहीतरी वगळून मांडलेला असतो. मायक्रोस्टटरच्या तक्रारी सात वर्षे कुरकुर ठरल्या, कारण मान्य मापात त्यांना जागाच नव्हती. वॉसन यांनी तक्रार शिरोधार्य मानली नाही आणि फेटाळलीही नाही. ती खरी असेल तर कोणत्या पुराव्यात दिसेल, हे विचारले आणि तो पुरावा शोधला. साक्षीकडे पाहण्याची ही रीत मला वर्गात शिकवलेली होती. घरच्या फोनवर मात्र मी ती विसरले.

२७/
तुमच्याकडे कोणी 'आकडा ठीक आहे, पण काहीतरी खटकते' असे म्हणाले, तर आकडा पुढे करण्याआधी तो कसा काढला हे पाहा. नवे कार्ड घेण्याच्या बेतात असाल, तर आधी एक संध्याकाळ फ्रेम टाइमच्या आलेखाला द्या. तुमचे सुळके कशामुळे येत होते आणि कशाने गेले, ते खाली जरूर लिहा. चूक आढळली तर तीही दाखवा, दुरुस्ती करीन. धागा समाप्त.